मार्गारेटे बीबर : उशिरा उघडलेली दारे आणि कापडाच्या चुण्या

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी नोकरवर्गाच्या ‘पुनर्स्थापने’चा कायदा जारी झाला. ज्यू वंशाच्या आणि राजकीयदृष्ट्या नकोशा ठरवलेल्या अध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्याचा मार्ग त्या एका कायद्याने मोकळा केला. हेसे राज्यातील गीसेन या लहानशा विद्यापीठनगरीत अभिजात पुरातत्त्वाच्या, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोमच्या अवशेषांच्या अभ्यासाच्या, विभागाची धुरा तेव्हा मार्गारेटे बीबर यांच्याकडे होती. त्यांचे वय ५३ होते, डॉक्टरेट मिळवून २६ वर्षे झाली होती आणि प्राचीन रंगभूमी व ग्रीक वेशभूषा या दोन्ही विषयांत त्यांचे ग्रंथ आधारभूत मानले जात होते. त्याच वर्षी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

अशी बडतर्फी त्या वर्षी जर्मनीतील शेकडो विद्वानांच्या वाट्याला आली, आणि बीबर यांचे नाव त्या यादीतील आणखी एक नाव म्हणून घेतले जाते. पण कायद्यातील सवलतीची कलमे बारकाईने वाचली, की त्यांचे प्रकरण वेगळे दिसू लागते. १ ऑगस्ट १९१४ पासून सरकारी सेवेत असलेल्यांना, पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आणि ज्यांचे वडील किंवा मुलगे त्या युद्धात मारले गेले त्यांना या कायद्यातून तात्पुरते वगळले होते. सवलतीच्या मजकुरात स्त्री-पुरुष असा भेद कोठेही नव्हता. तरीही बीबर यांच्यासारख्या अविवाहित विदुषीला तिचा उपयोग जवळजवळ अशक्य होता, कारण १९१४ पूर्वी जर्मन विद्यापीठांनी स्त्रियांना अध्यापनाचा अधिकारच दिलेला नव्हता आणि बंदूक घेऊन आघाडीवर जाण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंद असलेल्या दारांची किंमत १९३३ मध्ये दुसऱ्यांदा वसूल झाली, असे मला या प्रकरणाचा विचार करताना ठामपणे वाटते. ही सवलत मिळालेल्या पुरुषांनाही तिने फार काळ तारले नाही, १९३५ च्या अखेरीस तीही संपली, हे येथे नोंदवणे न्याय्य होईल. पण एखाद्या विदुषीच्या आयुष्यातील दिरंगाई ही केवळ दिरंगाई राहत नाही, ती पुढच्या प्रत्येक हिशेबात तिच्या विरुद्ध धरली जाते, ही गोष्ट या प्रकरणातून जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसते.

ही दिरंगाई नेमकी कशी साचत गेली, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते. बीबर यांचा जन्म ३१ जुलै १८७९ रोजी पश्चिम प्रशियातील श्वेत्स गावाजवळच्या शोनाउ येथे, सधन ज्यू कारखानदार कुटुंबात झाला. हा प्रदेश आज पोलंडमध्ये आहे. मुलींच्या शाळेतले शिक्षण विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणारे नव्हते. लॅटिन आणि ग्रीक हे विषय मुलांच्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, शिकवले जात आणि त्यांच्याशिवाय विद्यापीठप्रवेशाची परीक्षा देता येत नसे. बर्लिनमध्ये हेलेने लांगे यांनी मुलींसाठी या परीक्षेच्या तयारीचे वर्ग चालवले होते. तेथे आणि खासगी शिकवणीतून तयारी करून बीबर यांनी १९०१ मध्ये थोर्न येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील तोरुन शहरात, ही परीक्षा दिली. तेव्हा त्या एकविसाव्या वर्षी होत्या.

परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी बर्लिन विद्यापीठात त्यांचे नाव विद्यार्थिनी म्हणून नोंदले गेले नाही. प्रशियातील विद्यापीठांनी स्त्रियांना पूर्ण प्रवेश दिला तो १९०८ मध्ये. तोपर्यंत त्या केवळ ‘पाहुण्या श्रोत्या’ म्हणून, त्या त्या प्राध्यापकाची परवानगी घेऊन वर्गात बसू शकत. मराठी वाचकाला येथे इरावती कर्वे आठवल्यावाचून राहणार नाहीत. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा त्याच विद्यापीठात स्त्रियांचा प्रवेश ही रूढ गोष्ट झाली होती. हे अंतर अवघ्या पाव शतकाचे आहे.

बर्लिनहून बीबर १९०४ मध्ये बॉन येथे गेल्या. तेथे गेओर्ग लोश्के हे अभिजात पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते आणि विद्यार्थिनींविषयी त्यांची वृत्ती उदार होती. १९०७ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बीबर यांनी डॉक्टरेट मिळवली, म्हणजे प्रशियात स्त्रियांना रीतसर विद्यार्थी होण्याचा हक्क मिळण्याच्या एक वर्ष आधी. प्रबंधाचा विषय होता ड्रेस्डेन येथील एक शिल्पपट, म्हणजे सपाट दगडावर उठावदार कोरलेले शिल्प, ज्यावर एक नट कोरलेला आहे, आणि त्या निमित्ताने ग्रीक शोकनाट्यातील वेशभूषेचा इतिहास. पुढच्या सत्तर वर्षांच्या कामाचे बीज या प्रबंधात आहे, म्हणून हा विषय लक्षात ठेवायला हवा.

१९०९ मध्ये जर्मन पुरातत्त्व संस्थेची प्रवासी शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. या शिष्यवृत्तीचे मोल आजच्या वाचकाला सहज कळणार नाही. जर्मनीतील कोणत्याही तरुण पुरातत्त्वज्ञाच्या आयुष्यात रोम, अथेन्स आणि भूमध्य समुद्राभोवतीची स्थळे प्रत्यक्ष पाहण्याचे ते वर्ष निर्णायक मानले जाई. त्या प्रवासात झालेल्या ओळखींवर पुढच्या नेमणुका ठरत. बीबर यांच्यासोबत असलेले तरुण पुरुष परत येऊन विद्यापीठात अध्यापनाच्या अधिकारासाठी अर्ज करू शकत होते. बीबर यांना ते शक्य नव्हते. त्यांनी रोम आणि अथेन्स येथे काम सुरू ठेवले, १९१३ मध्ये जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या सदस्य झाल्या आणि कासेल येथील संग्रहालयातील प्राचीन शिल्पे व कांस्यमूर्ती यांची सविस्तर सूची तयार केली, जी १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. संग्रहालयाची सूची हे काम दिसायला रुक्ष असते, पण प्रत्येक मूर्ती चारही बाजूंनी पाहणे, दुरुस्त केलेला भाग कोणता आणि मूळचा कोणता हे ठरवणे, तिच्यासारख्या अन्य प्रतींशी तिची तुलना करणे ही शिस्त तेथेच अंगी बाणते.

युद्ध सुरू झाल्यावर एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. लोश्के तोपर्यंत बर्लिनला आले होते; त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांचे वर्ग चालवण्याची जबाबदारी सहायक म्हणून बीबर यांच्यावर येऊन पडली. पुरुष आघाडीवर गेले होते, विद्यार्थी समोर होते आणि शिकवण्याची योग्यता असलेली व्यक्ती उपलब्ध होती, तेव्हा नियम थोडा बाजूला ठेवण्यात आला. १९१५ मध्ये लोश्के वारले. त्यांच्या जागी आलेल्या फर्डिनांड नोआक यांनी बीबर यांना विभागात शिकवण्यास मनाई केली. त्यानंतर बीबर यांनी आपल्या घरी खासगी वर्ग घेतले, आणि तेथे येणाऱ्यांमध्ये पुढे कलेतिहासाच्या क्षेत्रात जगभर नाव झालेले एर्विन पानोफ्स्की हेही होते. नोआक यांच्या या निर्णयाचा उल्लेख बहुतेक चरित्रलेखांत एका वाक्यात उरकला जातो. मला तो अधिक गंभीर वाटतो, कारण येथे कायद्याने लादलेला अडथळा नव्हता; जे काम प्रत्यक्षात सुरळीत चालू होते ते एका माणसाच्या अधिकारात थांबवले गेले.

अध्यापनाचा अधिकार त्यांना अखेर १९१९ मध्ये गीसेन येथे मिळाला. सम्राटशाही कोसळली होती, नवे प्रजासत्ताक आले होते आणि त्याच वर्षी गटिंगेन येथे गणितज्ञ एमी नोएथर यांनाही हा अधिकार मिळाला. बीबर तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. शिवाय हा अधिकार म्हणजे पगारी नोकरी नव्हे. असा अध्यापक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असे, आणि पुढच्या काही वर्षांत प्रचंड महागाईने जर्मन चलनाचे मोल जसे कोसळले त्याने अशा उत्पन्नाला काही अर्थ उरला नाही. १९२३ मध्ये त्यांना प्राध्यापकपदाची उपाधी मिळाली, १९३१ मध्ये विभागातील नियमित पद मिळाले. म्हणजे डॉक्टरेट ते स्थिर पद या प्रवासाला २४ वर्षे लागली, आणि ते स्थिर पद टिकले सुमारे दोन वर्षे.

आता त्यांच्या कामाकडे वळतो, कारण त्याशिवाय हे प्रकरण केवळ अन्यायाची कहाणी होऊन बसेल, आणि ते बीबर यांच्यावर दुसऱ्या प्रकारे अन्याय करणारे ठरेल.

प्राचीन ग्रीक रंगभूमीचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात मुख्यतः ग्रंथांवर आधारलेला होता. नाटकांच्या संहिता, अॅरिस्टॉटलचे विवेचन, रंगमंदिराच्या बांधणीविषयी विट्रुव्हियसचे लेखन आणि मुखवट्यांची जंत्री देणारा पोलुक्स हे त्यातील प्रमुख आधार. यांतील शेवटचे दोघे अथेन्सच्या वैभवकाळानंतर कित्येक शतकांनी लिहिणारे होते. १९२० मध्ये बीबर यांनी प्राचीन रंगभूमीविषयक वास्तूंचा आणि वस्तूंचा जो मोठा जर्मन संग्रहग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रंगमंदिरांचे अवशेष, कलशांवरील चित्रे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, शिल्पपट आणि मुखवटे एकत्र आणून कालक्रमाने लावले. कालक्रम हाच यातील कळीचा मुद्दा होता. शोकनाट्यातील नट उंच तळव्याचे जोडे घालून, कपाळावर उंच केशरचना असलेला मुखवटा लावून वावरत असे, ही प्रतिमा उत्तरकालीन रोमन पुराव्यावरून घेऊन थेट सोफोक्लीसच्या काळावर चिकटवली गेली होती. पुरावे शतकवार मांडल्यावर दिसते, की इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील चित्रांत नटाच्या पायात मऊ, सपाट बूट आहेत; नेपल्सच्या संग्रहालयातील प्रोनोमॉस कलशावर, जो सुमारे इसवी सनपूर्व ४०० चा आहे, नट आपले मुखवटे हातात घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर भरजरी नक्षीची वस्त्रे आहेत, पण कोणीही उंच तळव्यांवर उभा नाही. नाटक वाचणाऱ्याला हा तपशील क्षुल्लक वाटेल. ते उभे करणाऱ्याला तो क्षुल्लक वाटणार नाही, कारण नटाची चाल, वळणे, नृत्य आणि गुडघे टेकणे हे सर्व पायातल्या जोड्यावर अवलंबून असते.

दुसरे क्षेत्र वेशभूषेचे. १९२८ मध्ये ग्रीक पोशाखावरचा आणि १९३४ मध्ये त्याच्या विकासाच्या इतिहासावरचा असे त्यांचे दोन ग्रंथ निघाले. ग्रीक वस्त्र मुळात बहुतांशी न बेतलेले, आयताकृती कापड होते. ‘पेप्लोस’ म्हणजे लोकरीचा आयत, वरची कड बाहेर दुमडून खांद्यावर टाचण्यांनी अडकवलेला. ‘खिटॉन’ सहसा तागाचा, रुंद आणि तलम, हातांच्या कडेने शिवलेला किंवा ठिकठिकाणी बंद केलेला. ‘हिमाटिऑन’ वरून पांघरण्याचे वस्त्र. कमरेला दोरी बांधून कापड थोडे वर ओढले, की त्याचा फुगा दोरीवर लोंबतो आणि लांबी कमी होते. हे सर्व चित्रे पाहून शिकता येणार नाही असे बीबर यांचे मत होते, म्हणून त्यांनी योग्य मापाचे कापड घेऊन ते जिवंत माणसांवर नेसवले, छायाचित्रे काढली आणि ती प्राचीन मूर्तींच्या शेजारी ठेवली. ज्या घरात नऊवारी नेसली जाते त्या घरातील कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. ओचा कोठे खोचला आहे, कासोटा कसा घातला आहे, यावरून पुढची प्रत्येक चुणी कोठून निघून कोठे जाणार हे ठरते, आणि ज्याने कधी नेसताना पाहिलेच नाही असा चित्रकार ती चुणी भलतीकडेच काढतो.

भलतीकडे गेलेल्या चुण्या हाच पुढे बीबर यांच्या सर्वांत महत्त्वाच्या मांडणीचा पाया झाला. ग्रीक शिल्पकारांच्या बहुतेक नामांकित कांस्यमूर्ती नष्ट झाल्या आहेत. आपल्याला दिसतात त्या बहुधा रोमन काळात संगमरवरात घडवलेल्या प्रती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अॅडोल्फ फुर्टवेंगलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा प्रतींची तुलना करून हरवलेल्या मूळ कृती मनात पुन्हा उभ्या करण्याचे तंत्र विकसित केले. या तंत्राचा मोठा धोका असा, की प्रत करणारा कारागीर प्रामाणिक होता असे गृहीत धरले जाते. बीबर यांनी वस्त्राच्या ज्ञानातून या गृहीतकाला धक्का दिला. एखाद्या मूर्तीवरील वस्त्र प्रत्यक्षात तसे नेसताच येत नसेल, वरच्या वस्त्राखाली गेलेली चुणी खालून बाहेर येत नसेल, दोन निरनिराळ्या काळांतील वस्त्रांचे तुकडे एकाच अंगावर जोडलेले असतील, तर तो कारागीर ग्रीक वस्त्र नेसणाऱ्या समाजात वाढलेला नव्हता आणि त्याच्या हातून मूळ कृती बदलली गेली आहे, असे मानायला आधार मिळतो. उलट, रोमन पुरुष ग्रीक पद्धतीचे पांघरूण घेऊन उभे असलेल्या पुतळ्यांवर त्यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला आणि प्रती करण्याच्या इतिहासात त्या पुतळ्यांचे स्थान कोणते हे तपासले.

पोशाख हा विषय दुय्यम मानला जात असे. शैली, शिल्पकाराची प्रतिभा, सौंदर्याचा आदर्श हे थोर विषय, आणि कपडे ही तपशिलाची बाब. एका स्त्रीने तो निवडला म्हणून तो अधिकच सहज बाजूला ठेवता येत होता. पण मूळ कोणते आणि प्रत कोणती, हा अभिजात शिल्पेतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न सोडवायला हाच विषय उपयोगी पडला, आणि तो तसा पडावा यासाठी प्रबंधापासून एका दिशेने सातत्याने काम करणारी व्यक्ती लागली. या सातत्याला मी बीबर यांच्या कोणत्याही एका ग्रंथापेक्षा मोठे मानतो.

बडतर्फीनंतरचा काळ थोडक्यात सांगता येईल. त्यांनी एका मुलीला दत्तक घेतले होते. तिच्यासह देश सोडून त्या प्रथम ऑक्सफर्डला सॉमरव्हिल या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या आश्रयाला गेल्या आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील बार्नर्ड या स्त्रियांच्याच महाविद्यालयात शिकवू लागल्या. लक्षात येण्यासारखी गोष्ट ही, की संकटात त्यांच्यासाठी उघडलेली पहिली दोन दारे स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभारलेल्या संस्थांची होती. त्यानंतर त्या कोलंबिया विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक झाल्या आणि १९४८ मध्ये निवृत्त झाल्या. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकवण्याची आणि लिहिण्याची भाषा बदलणे म्हणजे काय, हे परभाषेत प्रबंध लिहिलेल्यांनाच नीट कळेल. तरीही १९३९ मध्ये ग्रीक व रोमन रंगभूमीचा इतिहास त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो १९२० च्या जर्मन ग्रंथाचा अनुवाद नव्हता. सामग्री नव्याने रचलेली होती, आणि १९६१ मध्ये त्यांनी ती पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर सुधारली. इंग्रजीतून प्राचीन रंगभूमी शिकणाऱ्या पिढ्यांनी तो ग्रंथ वापरला.

युद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, त्यांनी लाओकून या शिल्पसमूहावर, म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेला ट्रॉयचा पुरोहित लाओकून आणि त्याचे दोन मुलगे यांच्या प्राचीन शिल्पावर, एक छोटे पुस्तक लिहिले. १५०६ मध्ये रोममध्ये सापडल्यापासून या शिल्पाने युरोपातील कलाविचारावर जो प्रभाव टाकला त्याचा तो आढावा आहे, आणि येथे पुरातत्त्वज्ञ व कलेतिहासकार ही त्यांची दोन्ही रूपे एकत्र दिसतात. लाओकूनचा हरवलेला उजवा हात पुनर्जागरणाच्या काळापासून वर ताठ उंचावलेला दाखवला जात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोममध्ये राहणारे लुडविग पोलाक यांना कोपरात वाकलेला एक संगमरवरी हात मिळाला आणि तो लाओकूनच्या मूर्तीशी संबंधित असल्याचे त्यांनी ओळखले. प्रत्यक्ष मूर्तीला तो जोडला गेला १९५० च्या दशकाच्या अखेरीस. पोलाक हे ज्यू होते आणि १९४३ मध्ये त्यांना रोमहून आउशविट्झला नेऊन ठार करण्यात आले. बीबर यांनी आपल्या पुस्तकाची आवृत्ती नव्या जोडणीनंतर १९६७ मध्ये सुधारून काढली.

निवृत्तीनंतरची तीस वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत समृद्ध काळ म्हणावा लागेल. त्यांनी प्रिन्स्टन येथे काही काळ शिकवले, कोलंबियाच्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या शाखेत वर्ग घेतले. १९५५ मध्ये हेलेनिस्टिक काळातील शिल्पकलेवरचा त्यांचा विस्तृत ग्रंथ आला. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या शतकांतील या शिल्पांना दीर्घकाळ अभिजात कलेच्या ऱ्हासाचा काळ म्हणून बाजूला सारले जात होते. वृद्ध कोळी, मद्यधुंद म्हातारी, पडलेले गॉल योद्धे, लहान मुले यांची शिल्पे ‘खऱ्या’ ग्रीक कलेच्या खालची मानली जात. इंग्रजी वाचकासाठी या काळाचा प्रदेशवार आणि कालानुक्रमे विचार करणारा सविस्तर ग्रंथ त्यांनीच दिला. १९६४ मध्ये ग्रीक व रोमन कलेतील अलेक्झांडरच्या प्रतिमांवर त्यांचे पुस्तक निघाले. दरम्यान १९५७ मध्ये गीसेन विद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर केले, म्हणजे ज्या संस्थेने १९३३ मध्ये त्यांना जाऊ दिले तिने २४ वर्षांनी सन्मानाने बोलावले. अशा सन्मानांविषयी माझे मत संमिश्र आहे: ते आवश्यक असतात, पण त्यांनी मधली वर्षे परत येत नाहीत, आणि बीबर यांच्याबाबतीत तर त्या विभागात त्यांनी घडवले असते असे विद्यार्थी कधी जन्मालाच आले नाहीत.

अमेरिकेत मात्र असे विद्यार्थी झाले. ग्रीक शिल्पाच्या अभ्यासात पुढे अधिकारी मानल्या गेलेल्या एव्हलिन हॅरिसन यांनी कोलंबियात शिक्षण घेतले. लारिसा बोनफान्ते यांनी बीबर यांची वेशभूषेची दृष्टी ग्रीस-रोमच्या पलीकडे एट्रुस्कन समाजावर, म्हणजे रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांवर, वापरली आणि १९७५ मध्ये एट्रुस्कन पोशाखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बीबर यांच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त त्यांच्या लेखनाची सूची तयार करण्यातही त्या सहभागी होत्या. १९७४ मध्ये अमेरिकन पुरातत्त्व संस्थेने बीबर यांना आपले सुवर्णपदक दिले.

त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ प्राचीन प्रतींविषयीचा. तो १९७७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ९८ व्या वर्षी होत्या. मूळ आणि प्रत यांतला भेद वस्त्राच्या साहाय्याने ओळखण्याची ती सविस्तर मांडणी आहे, शेकडो चित्रांसह, आणि त्या चित्रांमध्ये प्राचीन मूर्तींच्या बरोबरीने नेसवलेल्या कापडातील जिवंत माणसांची छायाचित्रेही आहेत. २५ फेब्रुवारी १९७८ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू कॅनन येथे त्यांचे निधन झाले. १९०७ च्या प्रबंधात एका नटाच्या अंगावरील वस्त्राविषयी जे प्रश्न विचारले होते, त्यांची व्याप्ती तोवर अभिजात शिल्पाच्या संपूर्ण इतिहासापर्यंत पोहोचली होती.